आवाज मोठा नको, बोललेलं कळायला हवं



आजचा लेख थोडा भांडणाच्या सुरात आहे, हे आधीच सांगून ठेवते. विषय आहे टीव्हीला जोडायचे स्पीकर. "काकू, तुमचा आणि स्पीकरचा काय संबंध?" असं काहीजणी विचारतील. तेच तर माझं दुखणं आहे. मिक्सर घेताना आपण चार दुकानं फिरतो, झाकण घट्ट बसतं का बघतो, पाती तपासतो. कुकर घेताना त्याची रिंग कुठे मिळेल तेही विचारून ठेवतो. आणि दहा-दहा हजारांचा साउंडबार घरात येतो तेव्हा आपण आत चहा टाकत असतो. "त्यातलं आपल्याला काय कळतंय?" असं आपणच म्हणतो. मग त्या खोक्याचा धबाधब आवाज वर्षानुवर्षं सोसतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र "तुम्हाला ऐकूच येत नाही" असं ऐकवत राहतो.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. टीव्हीच्या आवाजासाठी आपण जो पैसा घालतो तो आवाज मोठा करण्यावर जातो. आपल्या घरांची गरज मात्र बोललेलं स्पष्ट ऐकू येण्याची आहे. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिलीपेक्षा स्वस्तात होते.

आमच्या घरी काय झालं

माझ्या सासूबाई ८६ वर्षांच्या. दिवस मावळायच्या आत जेवण झालं की हॉलमधल्या त्यांच्या खुर्चीत येऊन बसायच्या. जिनवाणी किंवा पारस चॅनेलवर महाराजांचं प्रवचन लागायचं, ते संपलं की आम्ही सगळे बातम्या बघायचो, मग एखादी मालिका. दिवसभरात घरातली सगळी माणसं एकत्र बसायची ती एवढीच वेळ.

जुना टीव्ही बिघडला आणि ४३ इंची पातळ टीव्ही भिंतीवर आला. चित्र सुरेख. पण सासूबाई पहिल्या आठवड्यातच म्हणाल्या, "बोलत्यात काय ते कळंना." आम्ही आवाज १५ वरून २५ वर नेला, मग ४० वर. नातू कानावर हात ठेवायला लागला. दिवाळीत आमच्या ह्यांनी साउंडबार आणला, सोबत गुडघ्याएवढा सबवूफर. खोक्यावर ठळक अक्षरांत ३०० वॅट. किंमत साडेनऊ हजार. लावल्याबरोबर शोकेसच्या काचा थरथरल्या आणि हे खूश झाले. सासूबाई म्हणाल्या, "लई वाजतंय, पर काय बोलत्यात ते कळंनाच." सगळे हसले. मीही हसले.

त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, वयामुळे बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकण्याची ताकद कमी झाली आहे, पण समोर बसून बोललेलं त्यांना नीट कळतं. आम्ही त्यातला फक्त पहिला भाग लक्षात ठेवला.

दोन-तीन महिन्यांत सासूबाई हॉलमध्ये यायच्या बंद झाल्या. जेवण झालं की आपल्या खोलीत, जपमाळ आणि जुना रेडिओ. आम्ही म्हटलं, वय झालं, विरक्ती आली. खरं सांगते, मला त्या वेळी थोडं सुटल्यासारखंही वाटलं. प्रत्येक वाक्याला "काय म्हणाला?" हे थांबलं होतं. आज हे लिहिताना लाज वाटते.

एके दिवशी सकाळी त्यांनी मला हळदीचा बाजार सांगितला, धरणातलं पाणी सांगितलं, कुठे अवकाळी पाऊस पडला तेही सांगितलं. मी विचारलं, "आई, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" म्हणाल्या, "रेडिओवर लागलं हुतं की." मी जागच्या जागी उभी राहिले. तळहाताएवढा रेडिओ, एकच स्पीकर, आवाज निम्म्यावर, आणि त्यांना प्रत्येक शब्द कळला होता. मग कान बिघडलेत की आमचं साडेनऊ हजारांचं यंत्र?

टीव्हीचा आवाज कुठे हरवतो

मी बी.कॉम. आहे, इंजिनिअर नाही. पण मुलाला विचारून, दुकानांत चौकशी करून आणि स्वतः करून बघून जे समजलं ते आपल्या भाषेत सांगते.

पूर्वीचा टीव्ही म्हणजे पेटारा होता. त्यात स्पीकरला जागा होती आणि त्याचं तोंड आपल्याकडे असायचं. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा आमच्या वाड्यातली तीस-चाळीस माणसं एका टीव्हीपुढे बसायची. स्पीकर एकच, तरी शेवटच्या रांगेतल्या आजीला संवाद कळायचा. आताचा टीव्ही बोट-दोन बोटं जाडीचा. त्यात लहानसे स्पीकर बसवतात आणि बहुतेक वेळा त्यांचं तोंड खाली नाहीतर मागे भिंतीकडे असतं. आवाज आधी भिंतीवर, फरशीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. कुणी आपल्याकडे पाठ करून बोलावं तसं हे आहे. पाठ करून बोलणाऱ्याला आपण "ओरडून बोल" म्हणत नाही, "इकडे तोंड कर" म्हणतो.

दुसरी गोष्ट कानाची. पाप, ताप, शाप, साप हे चार शब्द मोठ्याने म्हणून बघा. मधला 'आ' चारही शब्दांत तोच आहे आणि तोच दणदणीत ऐकू येतो. शब्द वेगळा कळतो तो सुरुवातीच्या व्यंजनामुळे. ही व्यंजनं, विशेषतः स, श, त, फ, ही हळू आणि उंच पट्टीची असतात. उतारवयात आधी कमी होतं ते नेमकं हेच ऐकणं. म्हणून म्हातारं माणूस म्हणतं, "आवाज येतोय, पण कळत नाही." ते अगदी बरोबर सांगत असतं. आपण मात्र त्याचा अर्थ "आवाज वाढवा" असा लावतो.

आणि आवाज वाढवायला आपण आणतो काय, तर सबवूफर! त्याचं काम खालच्या पट्टीचा धुमधुमाट करण्याचं. खालचे जाड आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतात. म्हणजे आमच्या सासूबाईंना जे कमी ऐकू येत होतं, त्याच्यावरच आम्ही पैसे मोजून गोधडी टाकली.

वॅटचा हिशेब

आता माझा स्वतःचा विषय, जमाखर्च. माझ्या वडिलांची हळदीची अडत होती. ते म्हणायचे, काट्यावर जेवढं आलं तेवढंच पोत्यातून निघणार. आमच्या साउंडबारच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: २४ व्होल्ट, २.५ अँपिअर. गुणाकार करा. २४ गुणिले २.५ म्हणजे ६० वॅट. भिंतीतून त्या यंत्राला मिळणार ६० वॅट, आणि खोक्यावर लिहिलंय ते ३०० वॅट आवाज देतं! कमाई ६० आणि खर्च ३००, असा ताळेबंद घेऊन मी परीक्षेला गेले असते तर नापास झाले असते.

यावर ते म्हणतील, "क्षणभर तेवढा देतो." बरोबर, साठवणीतून क्षणभर जास्त काढता येतं. पण उधारी काढून एक दिवस केलेल्या चैनीला कुणी पगार म्हणत नाही. ह्या क्षणभराच्या आकड्याला पीक किंवा पीएमपीओ म्हणतात. सतत मिळणाऱ्या ताकदीच्या आकड्याला आरएमएस म्हणतात. दुकानात आरएमएसच विचारा, आणि तो आकडा किती टक्के विकृतीला मोजलाय तेही विचारा. विकृती म्हणजे आवाज फाटणं. १ टक्क्याला मोजलेला आकडा आणि १० टक्क्यांना मोजलेला आकडा यांत फार अंतर असतं. अडॅप्टरवर चालणारं यंत्र असेल तर माझा गुणाकार दुकानातच करून बघा.

आणि मुळात एवढे वॅट लागतात का? घरातलं साधं बोलणं साधारण ६० डेसिबल असतं. चांगल्यापैकी छोट्या स्पीकरला फक्त एक वॅट दिला, तर एक मीटरवर तो साधारण ८५ डेसिबल आवाज देतो. सोफा तीन मीटरवर असेल तर दहाएक डेसिबल कमी धरा. तरी ७५ राहतात, म्हणजे बोलण्यापेक्षा पुष्कळ मोठा आवाज, तोही एका वॅटमध्ये! अधूनमधून लागेल म्हणून १०-२० वॅट हाताशी असले की आपल्या दहा बाय बाराच्या हॉलला रग्गड झालं.

आणखी एक गंमत. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. आवाज दुप्पट मोठा वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणून "ह्यात ४० आहेत, त्यात ८०, हजार रुपयेच जास्त" असं कुणी म्हटलं की ते हजार रुपये पर्समध्येच ठेवा.

आधी फुकटातले उपाय

काहीही विकत घेण्याआधी हे करून बघा.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये साउंड मोड असतो. तिथे 'सिनेमा', 'सराउंड', 'बास बूस्ट' असं काही चालू असेल तर बंद करा. 'क्लिअर व्हॉइस', 'स्पीच' किंवा 'न्यूज' असं काही असेल तर ते निवडा. आमच्या टीव्हीत हे होतं, वर्षभर कुणी उघडून बघितलं नव्हतं.

ओटीटीवरचे बरेचसे चित्रपट ५.१ आवाजात असतात. त्यात संवाद मधल्या वेगळ्या स्पीकरसाठी ठेवलेले असतात. आपल्याकडे तो मधला स्पीकर नसतो, सहा वाटांनी येणारा आवाज दोन स्पीकरमध्ये कोंबला जातो आणि संवाद दबतात. गाणं सुरू झालं की दणदणाट आणि बोलणं सुरू झालं की कुजबुज, हा अनुभव सगळ्यांना असेल. ऑडिओच्या पर्यायांत स्टीरिओ किंवा २.० दिसत असेल तर तो लावा.

आपल्या हॉलमध्ये फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, खिडक्यांना काचा. आवाज घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. जाड पडदा ओढा, टीव्हीसमोर सतरंजी अंथरा. आणि म्हाताऱ्या माणसाची खुर्ची टीव्हीच्या जवळ, समोर आणा. आमच्याकडे सासूबाईंची खुर्ची कोपऱ्यात दाराशी होती, कारण मधला सोफा आम्ही अडवला होता. यात सेटिंगचा काहीच दोष नव्हता.

घ्यायचंच असेल तर

मी काय केलं ते सांगते. मुलाच्या कॉलेजच्या दिवसांतले कॉम्प्युटरचे दोन छोटे स्पीकर कपाटात पडून होते. टीव्हीच्या मागे हेडफोनचं भोक होतं, त्यात वायर खोचली. एक स्पीकर डावीकडे, एक उजवीकडे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, तोंड खुर्चीकडे. साउंडबार बंद. सासूबाईंना हाताला धरून आणलं आणि प्रवचन लावलं. आवाज १२ वर होता. त्या पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता म्हाराज समोर बसल्यागत बोलाय लागले बघ." खर्च शून्य.

ते स्पीकर जुने, मध्येच खरखरायचे. म्हणून महिन्याभराने आम्ही अँप्लिफायर आतच असलेली बुकशेल्फ स्पीकरची जोडी घेतली, ४,८०० रुपयांना. सबवूफर नाही, रंगीत दिवे नाहीत. ह्यांचा चेहरा पडला होता, पण महिनाभरात ह्यांनीच एका जुन्या गाण्यात तबला किती छान ऐकू येतो ते मला दाखवलं. साउंडबार दुकानदाराने परत घेतला नाही. घेणार तरी कसा, एवढे महिने वापरलेला! ते साडेनऊ हजार मी आमच्या हसण्याच्या खात्यात खर्ची टाकले.

तुम्ही घेणार असाल तर माझा क्रम असा. पहिल्यांदा माळ्यावर बघा. कॅसेटच्या जमान्यातली म्युझिक सिस्टीम पडलेली असेल आणि तिच्या मागे ऑक्स इनपुट असेल, तर तिचे लाकडी पेटीतले स्पीकर आजच्या कितीतरी स्वस्त साउंडबारपेक्षा सरस निघतील. स्पीकरच्या पडद्याभोवतीचं फोमचं कडं भुगा झालेलं असेल तर दुरुस्तीवाल्याकडून बदलून मिळतं. तसं काही नसेल तर दोन स्पीकरची जोडी घ्या. जागाच नसेल तर साउंडबार घ्या, पण सबवूफरशिवाय, आणि ज्यात संवादासाठी बोलण्याचा वेगळा मोड आहे असा. बजेट जास्त असेल तर मधला वेगळा स्पीकर असलेला ३.१ साउंडबार बोलण्यासाठी खरोखर चांगला. त्याचा सबवूफर मात्र कमीत कमी ठेवा. पाच बाजूंना पाच स्पीकर लावायचं होम थिएटर आपल्या हॉलसाठी नाहीच. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असताना मागचे स्पीकर ठेवणार कुठे? आणि प्रवचन देणारे महाराज एकच, ते काही आपल्या मागून बोलत नाहीत.

जायच्या आधी टीव्हीच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढून न्या. हेडफोनचं भोक असेल तर सोपं काम. नवीन टीव्हींमध्ये ते नसतं कधीकधी. मग एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल असतं. एआरसीचा फायदा असा की टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. घरात वडीलधारी माणसं असतील तर एकच रिमोट असणं ही मोठी सोय आहे. ऑप्टिकल जोडूनही आवाज आला नाही तर घाबरू नका, टीव्हीच्या ऑडिओ आउटपुटमध्ये पीसीएम निवडा. ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे राहू शकतो आणि कधी जोडणी तुटली की म्हाताऱ्यांना ती परत करता येत नाही. वायर दिसायला वाईट असेल, पण विश्वासाची.

दुकानात स्फोटांचा आणि गाड्यांचा व्हिडिओ लावतात. तो बंद करायला सांगा. आपल्या मोबाईलवरचं प्रवचन किंवा बातम्या लावायला सांगा, हळू आवाजात. डोळे मिटून पाच वाक्यं ऐका आणि किती शब्द सुटले ते मोजा. दोन स्पीकरची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा आहे ना बघा, कारण जरा मोठा वाजणारा कानाला उगीचच चांगला वाटतो आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं. शक्य असेल तर ज्यांच्यासाठी घ्यायचं त्यांना सोबत न्या. चप्पल घेताना आपण दुसऱ्याचा पाय नेतो का?

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे

काहीजणी म्हणतील, टीव्ही हाच परिग्रह, त्यावर आणखी स्पीकर कशाला? टीव्हीचा त्याग केलेल्या भगिनींना माझा नमस्कार, हा लेख त्यांच्यासाठी नाही. पण ज्यांच्या घरात टीव्ही आहे, त्यांनी म्हाताऱ्या माणसापुरता तो बंद करून त्याला त्याग म्हणू नये. सासूबाई हॉल सोडून गेल्या त्याला आम्ही विरक्ती म्हटलं. ती विरक्ती नव्हती, आमचा हलगर्जीपणा होता.

अनर्थदंड विरतीच्या अतिचारांत शेवटचा अतिचार आपण स्वाध्यायात वाचतो: गरजेपेक्षा जास्त उपभोगाची साधनं जमवणं. सहा माणसांच्या हॉलमध्ये ३०० वॅट हे त्याचं याहून सोपं उदाहरण मला सापडत नाही. गरज ओळखून घेतलेली ४,८०० ची जोडी वेगळी आणि शेजाऱ्याकडे आहे म्हणून आणलेला धुमधुमाट वेगळा. व्रत आपल्याला वस्तूची गरज मोजायला शिकवतं.

आणि त्या धुमधुमाटाचं काय? जाड आवाज भिंत ओलांडतो, बारीक आवाज तेवढा ओलांडत नाही. आपल्या चित्रपटातला संवाद शेजारी कुणाला ऐकू जात नाही, पण सबवूफरचे धक्के त्यांच्या पलंगापर्यंत पोचतात. तिथे कुणाचं सामायिक चालू असेल, कुणाचं बाळ झोपलं असेल, कुणी आजारी असेल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. आपल्या घराच्या हद्दीवर ती ५ डेसिबलपेक्षा जास्त ओलांडायची नाही. मुंगी वाचवायला आपण पाऊल जपून टाकतो. भिंतीपलीकडच्या माणसालाही तेवढं जपू या.

काहीजणी म्हणतील, सासूबाईंना वायरलेस हेडफोन द्यायचा, प्रश्न मिटला. ज्या एकट्या बघतात त्यांच्यासाठी तो चांगला उपाय आहे, मी नाही म्हणत नाही. पण घरात सगळे बसलेले असताना एकाच्या कानावर हेडफोन चढवला की तो माणूस टीव्ही ऐकतो आणि आपल्याला ऐकेनासा होतो. मध्येच नातू काही बोलतो, सगळे हसतात, आणि आजी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसते. मला ते नको होतं.

आणि हो, कानाची तपासणी टाळू नका. श्रवणयंत्राची गरज असेल तर स्पीकर त्याची जागा घेऊ शकत नाही. पण डॉक्टर काय सांगतात ते पूर्ण ऐका. आमच्यासारखं अर्धं ऐकू नका. त्या दिवशी दवाखान्यात कमी ऐकू आलं ते सासूबाईंना नाही, आम्हाला.

राहिली मुलांची आणि नवऱ्यांची हौस. "आई, पिक्चरला बास पाहिजेच!" पाहिजे तर वर्षातून दोनदा थिएटरात जाऊ दे, तिथे त्याच्यासाठी भिंती बांधलेल्या असतात. घरातल्या रोजच्या चार तासांचा आवाज कुणासाठी आहे, हे रोज त्या खोलीत बसणाऱ्यांनी ठरवायचं. म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या वेळी खोकं घरात यायच्या आधी चहाचं आधण गॅसवरून उतरवा आणि बाहेर या. तीनच प्रश्न विचारा. कोण ऐकणार? काय ऐकणार? आणि हळू आवाजात बोललेलं कळतं का? उत्तर आलं नाही तर पैसे द्यायचे नाहीत.

आज संध्याकाळी एक करा. घरातल्या ज्या माणसाला तुम्ही "तुम्हाला ऐकू येत नाही" म्हणता, त्याच्या खुर्चीत जाऊन बसा, टीव्ही नेहमीच्या आवाजावर ठेवा आणि डोळे मिटून ऐका. मी बसले होते. मलाही कळलं नव्हतं.

आता आमच्याकडे दिवेलागणीला सासूबाईंची खुर्ची सोफ्याच्या शेजारी असते. प्रवचन संपलं की त्या बातम्यांनाही बसतात आणि पुढाऱ्यांना नावंही ठेवतात. "काय म्हणाला?" असं अजून अधूनमधून विचारतात. मी सांगते.

लिहिण्याच्या भरात कुणाला काही बोचलं असेल तर क्षमा असावी. वॅटचा हिशेब मात्र मागे घेणार नाही.

जय जिनेंद्र.